शुक्रवार पेठेचे शेख

कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात इष्टलिंग, सोमवारी एकवेळ जेवण, आणि अशा माणसाला अख्खी शुक्रवार पेठ 'शेख' म्हणत असे. आमच्या शेजारच्या रझियाभाभींचं आडनाव खरोखरचं शेख. त्या म्हणायच्या, "हमे तो नाम के शेख जी, काम का शेख तो येच है." हे शेख म्हणजे आमचे शिवलिंगप्पा, परवान्याच्या रॉकेलच्या दुकानाचे मालक. मी लग्न होऊन साताऱ्याहून सोलापुरात आले तेव्हा ते नुसते अप्पा होते. शेख झाले ते त्र्याहत्तर सालच्या दिवाळीच्या सुमारास, जगात तेलाचा भडका उडाला तेव्हा. पेठेनं ही पदवी त्यांना चिडवायला दिली होती, पण त्यांनी ती मानानं घेतली.

अप्पांचं दुकान म्हणजे एक अंधारी खोली, दोन पिंपं, एक हातपंप आणि पुढं एक फळी. ते माप काठोकाठ भरत, नरसाळ्यातून गिऱ्हाइकाच्या डब्यात ओतत, आणि मग माप नरसाळ्यावर पालथं धरून उभे राहत. शेवटचा थेंब पडेपर्यंत. तो पडला की त्याच्या मागचा. डबा उचलायला हात पुढं केला की म्हणत, "थांबा की, अजून येतंय." माप मारल्याचा आरोप त्यांच्यावर कधी कुणी केला नाही. रांग तुंबवल्याचा मात्र रोज व्हायचा, कारण तो थेंब पडेपर्यंत अप्पा बोलत असत. मला पहिल्या महिन्यातच कळून चुकलं की थेंब हे निमित्त आहे. या माणसाला रॉकेल विकण्यात काडीचा रस नाही. कुणीतरी समोर उभं राहून आपलं ऐकावं, एवढंच त्याला हवं आहे. रॉकेलवाचून स्टो पेटत नाही म्हणून माणसं उभी राहतात, हे अप्पांच्या पथ्यावर पडलेलं होतं.

बोलायला विषय पुरवायची त्यांची मुलगी गौरा. अप्पांचं शिक्षण अक्कलकोटच्या पलीकडं एका खेड्यात, कानडी शाळेत झालेलं. मराठी बोलायचे फर्डं, वाचताना मात्र प्रत्येक अक्षराशी त्यांची नव्यानं ओळख व्हायची. म्हणून मॅट्रिक झालेली गौरा सकाळी पिंपाशेजारी स्टुलावर बसून पेपर मोठ्यानं वाची, आणि अप्पा पंप मारता मारता ऐकत. मग तीच बातमी ते पदरचं तिखटमीठ लावून रांगेला सांगत. गौरा वाचायची तेव्हा कुठल्याशा देशाचा मंत्री नुसती नाराजी व्यक्त करायचा. अप्पांच्या तोंडून ऐकताना तोच मंत्री धोतराचा सोगा खोचून उठलेला असायचा.

त्या वर्षी दुष्काळ नुकता कुठं सरला होता. पाण्याच्या रांगेतून सुटून आम्ही बायका जरा दम खातोय तोवर रॉकेलची रांग लागली. तिकडं अरब आणि इस्रायलची लढाई जुंपली, तेलवाल्या देशांनी एकजूट करून नळ आवळले, भाव चढले, आणि भलेभले देश त्यांची दाढी धरू लागले. गौरानं हे वाचून दाखवलं त्या सकाळी अप्पांनी पंप मारायचा थांबवला. "म्हंजे बगा," ते हळूच म्हणाले, "तेल ज्याच्या हातात, त्याला समदी दुनिया विचारती. आन मी हितं इतकी वरसं नुसता नरसाळं धरून हुबा हाय!"

मी शाळेत भूगोल शिकवायची. दुसऱ्याच दिवशी अप्पांनी मला दुकानाच्या भिंतीवर आखाताचा नकाशा काढायला लावला. मी निळ्या खडूनं समुद्र काढला, काठाकाठानं देश मांडले, नावं लिहिली. अप्पा कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहत राहिले.

"ह्यात सोलापूर कुटं हाय?"

मी म्हटलं, "अप्पा, सोलापूर ह्यात येत नाही. ते फार लांब राहिलं."

"मग नकाशा काय कामाचा? तेल शेवटी येतं कुटं?" त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला आणि कुवेतच्या अंमळ खाली, समुद्राच्या ऐन काठाला एक गरगरीत टिंब दिलं. पुढं वर्षभर सोलापूरला समुद्र होता. माझ्या वर्गातल्या दोघी मुलींनी परीक्षेत तसंच लिहिलं आणि 'अप्पांच्या दुकानात पाहिलंय बाई' म्हणून वर माझ्याशीच वाद घातला.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण पुढं बातमी आली की तेलवाल्या देशांनी जगाचे वाटे केलेत. दोस्तांना पूर्वीसारखं तेल, दुश्मनांना बंद, आणि मधल्यांना बेताबेतानं. ही व्यवस्था अप्पांना फारच पसंत पडली. दुकानाच्या फळीवर त्यांनी गौराकडून खडूनं तीन खाने पाडून घेतले आणि पेठेची वाटणी केली. आता अप्पा मूळचे सरळ माणूस. रेशनकार्डावरचा कोटा कुणाचा अडवायचा नाही हे त्यांचं व्रत. तेव्हा त्यांची तेलबंदी म्हणजे काय, तर दोस्तांनी रांगेत पुढं उभं राहायचं, मधल्यांनी त्यांच्यामागं, आणि दुश्मनांनी पार शेवटी. "सरकारचं तेल हाय, न्हाय म्हनायला मी कोन?" ते म्हणत. "पन उन्हात किती येळ हुबं करायचं, ते माज्या हातात हाय की!"

बरं, दोस्त आणि दुश्मन ठरायचे कशावरून, याला काही धरबंध नव्हता. त्या साली ईद आणि दिवाळी गळ्यात गळा घालून आल्या होत्या. रझियाभाभींनी शीरखुर्मा पाठवला, तो अप्पांनी घरात न सांगता दुकानातच संपवला आणि भाभी दोस्त झाल्या. दोन दिवसांनी भाभींच्या शेळीनं अप्पांचा न वाचलेला पेपर खाल्ला. भाभी सकाळच्या सकाळी दुश्मन. "किसकू कब मिलता, किसकू नई, अल्लाकूच मालूम," असं म्हणत त्या डबा घेऊन मागं मागं सरकत जायच्या.

आमचं घर मात्र पहिल्यापासून दोस्तांच्या खान्यात, आणि ते माझ्या सासूबाईंमुळं. अप्पा त्यांना अक्का म्हणत, भाऊबिजेला ओवाळून घ्यायला येत, आणि दोघांचं एकमेकांना विचारल्याशिवाय पान हलत नसे. पण सासूबाईंना कुणाच्या पुढं घुसण्याचा भारी तिटकारा. दोस्त असूनही त्या मुद्दाम दुश्मनांच्या मागं जाऊन उभ्या राहायच्या. एका सकाळी ऊन चढत चाललं होतं, अप्पा माप पालथं धरून कुठल्याशा बैठकीची हकीगत रंगवत होते, आणि मध्येच म्हणाले, "गौरा, ते परत एकदा वाच गं." सासूबाईंचा धीर सुटला.

"अप्पा, वाचनालय काढायचं तर काढा की, आमी वर्गनी देतो. पन घरात डाळ अर्धी शिजून पडलीया, तेवडं रॉकेल आधी घाला!"

सगळी रांग फिदीफिदी हसली. अप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी फळीवरचा खडू उचलला आणि स्वतःच्या हातानं, एकेक अक्षर जुळवत, दुश्मनांच्या खान्यात लिहिलं: अक्का.

सासूबाईंनी ते वाचलं, पदर खोचला आणि घरी आल्या. दुपारी आमच्या ओट्यावर बायकांची बैठक बसली. तिला माझे यजमान 'गिऱ्हाईक देशांची परिषद' म्हणाले, पण ते हळू आवाजात. बैठकीत ठरलं की आता भुशाची शेगडी. सॉ मिलमधून पोत्यानं भुसा आणायचा, पत्र्याच्या डब्याला खाली भोक पाडायचं, मध्ये बाटली उभी धरून भोवती भुसा ठासायचा, आणि बाटली अलगद काढली की शेगडी तयार. ठासणं जरा ढिलं झालं की आमटीच्या ऐन उकळीला सगळा भुसा आत ढासळे आणि घरात धुरानं माणूस दिसेनासं होई. सासूबाई खोकत खोकत म्हणत, "असू दे. धूर आपला हाय, अरबाचा न्हाय." याखेरीज आणखी एक ठराव झाला, तो जास्त जहाल होता. रॉकेलचा कोटा सोडायचा नाही, तेवढ्या खुळ्या आम्ही नव्हतो. पण दुकानात जायचं, कार्ड पुढं करायचं, डबा धरायचा, आणि अप्पांशी एक अक्षर बोलायचं नाही. त्यांचं ऐकायचंही नाही.

या उपायानं अप्पांचा जीव घुसमटला. ते आशेनं सांगायला जात, "काल म्हनं जपान लई घाबरलं," आणि समोरची बाई भिंतीवरच्या समुद्राकडं बघत राही. थेंब पडायच्या आत डबा ओढून चालू लागे. आठवड्याभरात अप्पांनी सगळी पेठ दोस्तांच्या खान्यात आणून टाकली. फक्त अक्का दुश्मन राहिल्या. आणि अक्का दुश्मन तोवर पेठेला तोंड उघडायची मुभा नव्हती. गौरानं बापाला पुष्कळ समजावलं. तर म्हणाले, "एवडं लिवल्यालं पुसू व्हय? अरब पुसत्यात का कदी?"

अशात गौराचं लग्न ठरलं. विजापूरचं स्थळ, मुलगा शाळामास्तर, माघातला मुहूर्त. लिंगायतांच्या लग्नातली हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, आचाऱ्यानं केली तर चालते, पण कडक भाकरी आचाऱ्याच्या हातची कुणी मानत नाही. ती पापडासारखी पातळ थापायची, भाजताना फडक्यानं दाबून दाबून खुटखुटीत करायची आणि चवडीवर चवड रचत जायची. हे एका घराचं काम नव्हे. लग्नघरची बाई कुंकवाचा करंडा घेऊन दारोदार जाते, गल्लीतल्या बायका आपापल्या काठवटी घेऊन जमतात, आणि किती काठवटी जमल्या त्यावर त्या घराची पेठेतली किंमत ठरते. अप्पांच्या पत्नी पार्वतक्का करंडा घेऊन निघाल्या. प्रत्येक दारात बायकांनी कुंकू लावून घेतलं आणि प्रत्येक दारात त्यांना एकच उत्तर मिळालं: "अक्कांना विचारून सांगते हं."

पार्वतक्का तशाच दुकानात आल्या. एरवी त्या हळू बोलणाऱ्या, पण भर रांगेपुढं त्यांनी अप्पांना धरलं. "बेकित्तेन्री निमगिदा?" म्हणजे, हवं होतं का तुम्हाला हे? मग रांगेलाही समजावं म्हणून मराठीत म्हणाल्या, "वऱ्हाडाच्या ताटात आता रॉकेल वाढता का?"

त्या संध्याकाळी अप्पा आमच्याकडं आले. दारात टोपी सारखी करून घुटमळले. सासूबाई शेगडीपुढं होत्या, मी कांदा चिरत होते, आणि नेहमीप्रमाणे भुसा ढासळून घर धुरानं भरलं होतं.

"अक्का," अप्पा धुरातून म्हणाले, "पेपरात आलंय. तेलवाले देश आन गिऱ्हाईक देश आता समोरासमोर बसनार म्हनं, बोलायला."

"बसू द्यात. आपल्याला काय त्याचं?"

"न्हाय, म्हटलं, आपन बी बसावं."

"मग बसा की. तितं पाट हाय."

अप्पा पाटावर बसले. सासूबाईंनी अटी सांगितल्या. फळी पुसायची. सगळ्यांची एकच रांग. आणि पेपर दुकान मिटल्यावर वाचायचा, रांगेपुढं नाही. पहिल्या दोन अटींना अप्पांनी मान डोलावली. तिसरीला मात्र ते खाली बघत राहिले.

"अक्का, मला वाचाय येत न्हाय, तुमाला ठावं हाय. पोरगी आता थोड्या दिसांची पावनी. तोवर वाचू द्या तिला. येकदा ती सासरी गेली, मग कोन वाचतंय आन कोन ऐकतंय. मग गपच बसायचंय मला."

मी मनातल्या मनात हसायच्या तयारीत बसले होते. सोलापूरला समुद्रकाठी नेऊन ठेवणाऱ्या त्या माणसाची मला एकदम इतकी माया आली की विळीवरचा माझा हात थांबला. सासूबाईंनी ढासळलेला भुसा चिमट्यानं सारखा केला. मग म्हणाल्या, "भाकरी किती मानसांच्या करायच्या, ते सांगा."

"मंग तह झाला म्हनू का?"

"झाला. पन रॉकेल तुमी द्यायचं. ह्या मेल्या भुशावर मी लगनाच्या भाकरी भाजनार न्हाय."

"कुटलं द्यायचं?" अप्पा घाबरले. "माजं कार्ड येकच हाय की, अक्का!"

आणि ते खरं होतं. दुकानात पिंपं भरलेली, पण त्यातलं थेंबभर रॉकेल स्वतःच्या मुलीच्या लग्नाला काढायला हा माणूस तयार होईना. शेवटी जे घडलं ते त्या साली जगात दुसरीकडं कुठं घडलं नसेल. भुशाच्या शेगड्यांमुळं पेठेत घरोघर रॉकेल शिल्लक होतं. भाकरीच्या दिवशी प्रत्येक बाई एका हातात काठवट आणि दुसऱ्या हातात रॉकेलची बाटली घेऊन अप्पांच्या दारात हजर झाली. गिऱ्हाइकांनी तेलवाल्याला तेल दिलं. अप्पांनी प्रत्येकीचं मापून घेतलं, पुढं परत करायचं म्हणून. प्रत्येकीची बाटली नरसाळ्यावर पालथी धरून ते उभे राहिले आणि म्हणाले, "थांबा की, अजून येतंय." त्या दिवशी कुणी घाई केली नाही. अंगणभर स्टो भरभरत होते, भाकरी थापल्याचा आवाज चालला होता, आणि मधोमध बसून हळदीच्या हातांनी गौरा बापाला पेपर वाचून दाखवत होती. रझियाभाभी भाकरी उलटता उलटता विचारत होत्या, "फिर? फिर क्या बोले जपानवाले?"

लग्न झालं, गौरा विजापूरला गेली. दुसऱ्या दिवशी दुकान वेळेवर उघडलं. फळी स्वच्छ, रांग एक. माप ओतलं की अप्पा लगेच डबा पुढं सरकवू लागले. रांग इतकी झरझर पुढं गेली की बायका बावचळल्या. सगळ्यांना हेच तर हवं होतं. पण पेपर घडी न मोडता पिंपावर पडला होता आणि अप्पा त्याच्याकडं बघतही नव्हते. सासूबाईंची पाळी आली. त्यांनी डबा खाली ठेवला, पिशवीतून चष्मा काढून नाकावर चढवला, गौराच्या स्टुलावर बसल्या आणि पेपर उघडला.

"कुटपर्यंत आलं व्हतं?"

"जपानपतुर," अप्पा म्हणाले. त्यांनी माप पुन्हा नरसाळ्यावर पालथं धरलं.

तेव्हापासून सासूबाई रोज वाचायला जाऊ लागल्या. रांग पुन्हा तुंबली, पण आता बायका कुणाच्या नावानं ओरडणार? सासूबाईंचं वाचन हा एक वेगळाच प्रकार होता. त्या जातीच्या गिऱ्हाईक. तेल महागल्याची बातमी त्यांच्या तोंडून बाहेर पडताना स्वस्त होऊनच पडायची. मी मागून पेपरात डोकावून पाहत असे. छापलेलं एक आणि ऐकू येतंय भलतंच. पुढं पुढं तर त्यांना चेव चढला. "बैठकीत असं ठरलं," त्या गंभीरपणे वाचायच्या, "की हितनं पुढं सोलापूरच्या शिवलिंगप्पांना इचारल्याबिगर तेलाचा भाव वाढवायचा न्हाय."

अप्पा माप पालथं धरून तितक्याच गंभीरपणे विचारायचे, "कुनी सुचवलं हे?"

"कुवेतनं."

"मानूस चांगला हाय," अप्पा म्हणायचे.

एकोणऐंशी साली तेल पुन्हा पेटलं. इराणचा राजा देश सोडून गेला, भाव कडाडले, आणि सोलापुरात रॉकेलच्या रांगा पहिल्यापेक्षा लांब झाल्या. या खेपेला अप्पा मात्र दुकानात नव्हते. छातीच्या दुखण्यानं त्यांना अंथरुणाला खिळवलं होतं आणि डॉक्टरांनी मान हलवली होती. दुकान कसंबसं गौराचा नवरा विजापूरहून रजा काढून, येऊन-जाऊन बघत होता. सासूबाई रोज दुपारी अप्पांच्या उशाशी बसून वाचायच्या. एकदा मी बरोबर गेले होते. पेपर टंचाईनं भरलेला होता आणि सासूबाई खड्या आवाजात वाचत होत्या, "तेल मुबलक. भाव उतरले. इराननं अप्पांच्या तब्येतीची चौकशी केली."

अप्पा डोळे मिटून पडले होते. तसेच म्हणाले, "अक्का, खोटं वाचताय."

"कशावरनं?"

"सकाळी रेडिओ लावला व्हता की हिनं."

सासूबाईंनी चष्मा काढला. "कदीपास्नं ठावं हाय तुमाला?"

"पैल्यापास्नं."

"मग सांगायचं न्हाय व्हय? मी आपली येड्यावानी वाचतीया." त्या पेपराची घडी घालू लागल्या.

अप्पांनी हात पुढं करून पेपर धरला. "वाचा की. रेडिओ काय, समद्यांसाटी बोलतो."

श्रावणात अप्पा गेले. मला रडू आलं ते कळतं, पण माझे यजमान, जे रॉकेलच्या रांगेला नेहमी नावं ठेवायचे, तेही दोन दिवस नीट जेवले नाहीत. परवाना पुढं दुसऱ्या एका गृहस्थांना मिळाला. माणूस चांगला होता, माप चोख, आणि काम असं चटपटीत की डबा ठेवला म्हणता भरून समोर यायचा. पहिल्या दिवशी सासूबाई स्वतः गेल्या. इतक्या लवकर परतल्या की मला वाटलं, दुकान बंद असावं. भरलेला डबा त्यांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवला आणि भिंतीला टेकून बसल्या. आमच्याकडं गॅस घ्यावा म्हणून माझे यजमान तीन-चार वर्षं त्यांची मनधरणी करत होते, आणि गॅसवरची भाकरी बाधते म्हणून त्या दर वेळी उडवून लावत होत्या.

"कार्ड बगितलं त्यानं," त्या म्हणाल्या. "माज्याकडं बगितलं बी न्हाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तुज्या नवऱ्याला सांग, गॅसला नंबर लाव."